घटक ६ : ग्रहाचे पाणी आणि वातावरण कसे नाहीसे होते?

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
● ग्रहाभोवती वातावरण कशामुळे टिकते आणि कोणत्या वाटांनी ते अवकाशात जाते, हे सांगता येईल.
● मंगळावरील पाण्याचे काय झाले, याविषयीचे पुरावे आणि त्यांवरून काढलेली अनुमाने यांत फरक करता येईल.
● मंगळ, शुक्र आणि पृथ्वी यांची या दृष्टीने तुलना करता येईल.
● शास्त्रीय स्पष्टीकरणात क्रियापदांची निवड अर्थावर कसा परिणाम करते, हे उदाहरणांनी दाखवता येईल.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वर्णनपर आणि स्पष्टीकरणपर लेखनातील फरक पाहिला. वर्णन 'काय आहे' ते सांगते, तर स्पष्टीकरण 'असे का झाले' ते उलगडते. या घटकात एका शास्त्रीय विषयाचे सविस्तर स्पष्टीकरण आपण वाचणार आहोत आणि शेवटी त्याच्या भाषेकडेही पाहणार आहोत.

'तळे आटले' असे आपण म्हणतो, तेव्हा ते पाणी नेमके कोठे गेले याचा विचार आपण सहसा करत नाही. तो करण्याची गरजही नसते. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात आणि मृगाच्या सरींबरोबर ते पाणी कोठे ना कोठे परत येते. ते एका गावातून गेले तरी पृथ्वीवरून गेलेले नसते. 'आटणे' या क्रियापदामागे परतीची ही हमी उभी आहे. बोलणाऱ्याला ती जाणवत नाही, कारण पृथ्वीवर ती आजवर खोटी ठरलेली नाही.

आता 'मंगळावरच्या नद्या आटल्या' हे वाक्य पाहा. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. परंतु परतीची हमी तेथे लागू नाही. मंगळावरून गेलेल्या पाण्याचा बराच भाग पुन्हा पाऊस होऊन पडलेला नाही. मग ते गेले कोठे? आणि पृथ्वीवरचे पाणी मात्र टिकून कसे राहिले? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ पाणी होते, हे कशावरून?

१९६५ साली मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या थोड्याशा छायाचित्रांत विवरांनी भरलेली, चंद्रासारखी निर्जीव भूमी दिसली. अनेकांची निराशा झाली. मात्र १९७१ मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागले आणि त्याच्या छायाचित्रांत कोरड्या दऱ्यांची जाळी दिसली. लहान ओहळ मोठ्या प्रवाहाला मिळावेत तशी त्यांची रचना होती. उतारावरून वाहणाऱ्या पाण्याखेरीज अशी नक्षी सहसा कोणी काढत नाही.

पुढे प्रत्यक्ष जमिनीवर उतरलेल्या यानांनी अधिक जवळचा पुरावा दिला. २००४ मध्ये उतरलेल्या ऑपॉर्च्युनिटी या गाडीला हेमटाइट या लोहखनिजाच्या बारीक गोळ्या सापडल्या. पाण्याच्या सान्निध्यात त्या घडल्या होत्या. २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीला गुळगुळीत, गोलसर गोटे आढळले. नदीच्या पात्रात गोटे का गुळगुळीत होतात, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. गोट्यांच्या आकारावरून तो प्रवाह घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावा, असा अंदाज बांधला गेला. त्याच विवरात जुन्या सरोवराच्या तळाचे गाळाचे थरही मिळाले. २०२१ मध्ये पर्सिव्हिअरन्स ही गाडी जेझेरो विवरात उतरली, तीही एका प्राचीन त्रिभुज प्रदेशाजवळच.

या बहुतेक खुणा साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या किंवा त्याहूनही जुन्या आहेत. आज मात्र मंगळावरील सरासरी तापमान शून्याखाली सुमारे ६० अंश सेल्सिअस आहे आणि हवेचा दाब सुमारे सहा मिलिबार, म्हणजे पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. हा सहाचा आकडा महत्त्वाचा आहे. दाब ६.१ मिलिबारच्या खाली गेला की पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही. बर्फ तापला की तो वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. ज्याअर्थी तेथे एकेकाळी नद्या वाहत होत्या, त्याअर्थी तेव्हा हवाही आजच्यापेक्षा पुष्कळ दाट असली पाहिजे. म्हणूनच 'पाणी गेले कोठे' या प्रश्नात 'हवा गेली कोठे' हा दुसरा प्रश्न दडलेला आहे.

६.२.२ हवा ग्रहाला धरून का राहते?

वायूचे रेणू सतत धावत असतात. ते अवकाशात पांगत नाहीत, कारण ग्रहाचे गुरुत्वाकर्षण त्यांना मागे ओढते. ज्या किमान वेगाने वर गेलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही, त्याला मुक्तिवेग म्हणतात. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर, शुक्राचा १०.४, मंगळाचा सुमारे पाच आणि चंद्राचा २.४ किलोमीटर आहे. मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश आहे. त्यामुळे त्याची पकड मुळातच सैल आहे.

रेणूंचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. तापमान जितके जास्त तितका वेग जास्त. आणि रेणू जितका हलका तितका तो त्याच तापमानाला अधिक वेगाने धावतो. शिवाय सर्व रेणू एकाच वेगाने धावत नाहीत. काही संथ असतात, बहुतेक मध्यम असतात आणि मोजकेच फार वेगवान असतात. वातावरणाच्या अगदी वरच्या, विरळ थरात अशा एखाद्या वेगवान अणूला वाटेत दुसरा कोणी आडवा आला नाही, तर तो कायमचा निघून जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी या प्रक्रियेचे गणित मांडले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

खळ्यावरची उफणणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही प्रक्रिया लगेच समजेल. उंचावरून धान्य सोडले की वारा भुसा दूर नेतो आणि दाणे पायाशी पडतात. ग्रहाच्या वातावरणातही हलका हायड्रोजन आधी जातो आणि जड वायू मागे राहतात. उफणणी येथे अब्जावधी वर्षे चालू असते, एवढाच फरक.

तापमानाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शनीचा उपग्रह टायटन याचा मुक्तिवेग चंद्राहून किंचितच जास्त आहे. तरीही टायटनभोवती पृथ्वीहून दाट वातावरण आहे आणि चंद्र मात्र उघडा आहे. टायटन सूर्यापासून फार दूर आहे आणि तेथील तापमान शून्याखाली सुमारे १८० अंश आहे, हे यामागचे एक महत्त्वाचे कारण होय. थंडीत रेणू मंदावतात, म्हणून सैल पकडही पुरेशी ठरते.

६.२.३ निसटण्याच्या इतर वाटा

केवळ उष्णतेने निसटणे हायड्रोजनसारख्या हलक्या वायूंनाच सोपे असते. ऑक्सिजन, कार्बन किंवा आर्गॉन यांसारख्या जड अणूंना अधिक जोराचा धक्का लागतो. तो तीन प्रकारे मिळतो.

पहिला प्रकार रासायनिक आहे. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वरच्या थरातील ऑक्सिजनचे रेणू विद्युतभारित होतात. अशा रेणूला एखादा इलेक्ट्रॉन येऊन मिळाला की तो रेणू फुटतो आणि त्याचे दोन अणू विरुद्ध दिशांना वेगाने फेकले जातात. हा वेग मंगळावरून सुटण्यास पुरतो. पृथ्वीवरून किंवा शुक्रावरून सुटण्यास पुरत नाही. एकच प्रक्रिया, पण लहान ग्रहावर ती गळती ठरते आणि मोठ्या ग्रहावर ठरत नाही.

दुसरा प्रकार सौरवाऱ्याचा आहे. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा प्रवाह सतत वाहत असतो; त्याचा वेग साधारणतः सेकंदाला ४०० किलोमीटर असतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे हा प्रवाह बराच दूर अडवला जातो. मंगळाला आज तसे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. मार्स ग्लोबल सर्व्हेअर या यानाला १९९७ नंतर तेथील जुन्या खडकांत गोठून राहिलेले चुंबकत्व आढळले. त्यावरून मंगळालाही एकेकाळी असे क्षेत्र होते आणि सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी ते मावळले, हे समजते. तेव्हापासून सौरवारा वातावरणाच्या वरच्या थरापर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो. तेथील विद्युतभारित कणांना तो आपल्याबरोबर ओढून नेतो. काही कण उलटे वळून वातावरणावर आदळतात आणि कॅरमच्या सोंगट्यांप्रमाणे इतर अणूंना बाहेर उडवतात.

तिसरा प्रकार आघाताचा आहे. सूर्यमालेच्या बाल्यावस्थेत मोठमोठे अशनी ग्रहांवर आदळत होते. अशा प्रत्येक मोठ्या आघातात हवेचा काही भाग अवकाशात फेकला जाऊ शकतो. मंगळासारख्या लहान ग्रहाचे यात अधिक नुकसान होते.

आपली प्रगती तपासा - १
(अ) मुक्तिवेग म्हणजे काय?
(आ) टायटनच्या उदाहरणावरून कोणता मुद्दा सिद्ध होतो?

६.२.४ पाण्याच्या दोन वाटा : वर आणि खाली

पाण्याचा रेणू अखंड स्वरूपात क्वचितच अवकाशात जातो. तो आधी फुटतो. वाफ उंचावर पोहोचली की अतिनील किरण तिच्या रेणूचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करतात. हायड्रोजन निसटतो, ऑक्सिजनचा काही भाग निसटतो आणि काही जमिनीवरील लोहयुक्त खडकांशी संयोग पावतो. हायड्रोजन गेला की पाणी परत जुळून येण्याची शक्यता संपते. म्हणून पाणी टिकवायचे, तर वाफ फार उंच जाऊ न देणे हाच उपाय.

पृथ्वीवर हे काम थंडी करते. जमिनीपासून दहा ते सतरा किलोमीटरांवर हवा इतकी गार असते की वर जाणारी वाफ तेथे गोठते आणि खाली येते. भांड्यावरच्या थंड झाकणाला वाफेचे थेंब लागून ते पुन्हा आत पडावेत, तसे हे आहे. समुद्रांचे रक्षण प्रथम हे झाकण करते.

मंगळावरही असे झाकण आहे. पण ते पक्के नाही. तेथे वरचेवर धुळीची वादळे होतात आणि काही वेळा, उदाहरणार्थ २०१८ मध्ये, धूळ सबंध ग्रहाला वेढते. धुळीचे कण सूर्यप्रकाश शोषून हवा तापवतात. झाकण गरम झाले की वाफ न गोठता साठ-ऐंशी किलोमीटरांपर्यंत चढते. अशा वेळी हायड्रोजनची गळती वाढते, असे यानांच्या निरीक्षणांतून दिसून आले आहे. म्हणजे आजच्या कोरड्या मंगळावरही पाणी जाण्याचे थांबलेले नाही.

परंतु सगळेच पाणी वर गेले, असे समजणे घाईचे ठरेल. दुसरी वाट खाली जाते. पाणी आणि खडक यांच्या संयोगातून चिकणमातीसारखी खनिजे बनतात आणि पाणी त्यांच्या रचनेचाच भाग होऊन बसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मंगळाच्या मूळ पाण्यापैकी ३० ते ९९ टक्के पाणी अशा प्रकारे कवचात बांधले गेले असावे, असे अनुमान मांडले गेले. हा पल्ला फार मोठा आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. तो लपवला गेलेला नाही, यातच त्या विधानाचा प्रामाणिकपणा आहे. पृथ्वीवरही खडक पाणी शोषतात. पण येथे भूपट्ट सरकतात, खडक खोल जाऊन तापतात आणि ज्वालामुखी ते पाणी वाफेच्या रूपाने परत करतात. मंगळावर भूपट्टांची अशी हालचाल नाही. तेथील खडकांनी घेतलेले पाणी बहुतांशी खडकांतच राहिले.

याशिवाय काही पाणी बर्फाच्या रूपाने आजही शिल्लक आहे. केवळ दक्षिण ध्रुवाजवळचे बर्फाचे थर वितळवून सर्व मंगळावर सारखे पसरले, तर सुमारे ११ मीटर खोलीचा थर होईल, असे २००७ मधील रडार-मोजणीवरून काढलेले गणित आहे.

६.२.५ गेलेले मोजायचे कसे?

जे समोर नाही, ते मोजणार कसे? येथे पुन्हा उफणणी उपयोगी पडते. मागे उरलेल्या राशीत जड भाग किती आहे, यावरून हलका भाग किती उडाला याचा अंदाज येतो.

हायड्रोजनचे एक जड रूप आहे. त्याला ड्युटेरिअम म्हणतात. त्याचा अणू साध्या हायड्रोजनच्या दुप्पट जड असतो. पृथ्वीवरील समुद्रांत साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे ड्युटेरिअमचा एक अणू आढळतो. मंगळावरील वाफेत हे प्रमाण पाच ते सहा पट आहे. साधा हायड्रोजन अधिक सहजपणे निसटला आणि जड भावंड मागे राहिले, असा याचा अर्थ होतो. २०१५ मध्ये याच पद्धतीने एक हिशेब मांडला गेला. त्यानुसार प्राचीन मंगळावर सबंध ग्रहाला सुमारे १३७ मीटर खोलीच्या थराने झाकेल, निदान इतके पाणी असावे.

दुसरा साक्षीदार आर्गॉन होय. हा वायू कोणाशी संयोग पावत नाही. खडकांत बांधला जाण्याची दुसरी वाट त्याला जवळजवळ नाहीच. तो कमी झाला असेल, तर वरच गेला असला पाहिजे. मावेन या अमेरिकी यानाने त्याच्या हलक्या आणि जड रूपांचे प्रमाण निरनिराळ्या उंचींवर मोजले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, मंगळाच्या वातावरणातील आर्गॉनपैकी सुमारे ६५ टक्के अवकाशात गेला आहे.

मावेन मंगळाजवळ पोहोचले त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, ही गोष्ट तुम्हाला आठवत असेल. त्या वेळी वृत्तपत्रांत कमी खर्चाचीच चर्चा अधिक झाली. यानावरील उपकरणांचा हेतू मात्र आपल्या विषयाशी थेट जोडलेला होता. ड्युटेरिअम आणि हायड्रोजन यांचे प्रमाण मोजण्यासाठी त्यावर लायमन अल्फा फोटोमीटर होता, तर मेन्का हे उपकरण सर्वांत बाहेरच्या विरळ थरातील वायूंची ओळख पटवण्यासाठी होते. मंगळाचे पाणी आणि हवा गेली कोठे, हा प्रश्न आपल्याही यानाबरोबर तेथे गेला होता.

आपली प्रगती तपासा - २
(अ) पृथ्वीवर वाफ फार उंच का जात नाही?
(आ) आर्गॉनची साक्ष विशेष भरवशाची का मानावी?

६.२.६ गळती, साठा आणि भर

आता थोडे गणित करू. मावेनच्या निरीक्षणांवरून २०१८ मध्ये असा अंदाज दिला गेला की आज मंगळावरून सेकंदाला दोन ते तीन किलोग्रॅम वायू अवकाशात जातो. ही गती चार अब्ज वर्षे तशीच धरली, तर गेलेले पाणी सबंध ग्रहावर केवळ दोनएक मीटर खोलीचे भरते. वर सांगितलेल्या १३७ मीटरांच्या तुलनेत हे अगदीच थोडे आहे. याचा अर्थ हिशेब चुकला असा नव्हे. पूर्वीची गती आजच्याहून खूप जास्त होती, असा याचा अर्थ आहे. तरुण सूर्य आजच्याइतका तेजस्वी नव्हता. परंतु त्याचे अतिनील किरण आणि सौरवारा आजच्याहून पुष्कळ तीव्र होते. शिवाय खडकांनी घेतलेला वाटा वेगळाच.

दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची आहे. पृथ्वीवरूनही हायड्रोजन निसटतो आणि त्याची गती सेकंदाला सुमारे तीन किलोग्रॅम आहे. म्हणजे सेकंदाला जाणाऱ्या वायूचे वजन दोन्ही ग्रहांवर जवळपास सारखेच आहे! मग एक ओला आणि दुसरा कोरडा का? रांजण आणि तांब्या यांना सारखेच बारीक छिद्र पडले, तर तांब्या लवकर रिकामा होईल. पृथ्वीच्या वातावरणाचे वस्तुमान मंगळाच्या वातावरणाच्या सुमारे दोनशे पट आहे. समुद्रांचा साठा तर इतका प्रचंड आहे की आजच्या गतीने तो संपण्यास दीड लाख कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल. पृथ्वीचे आजवरचे वय साडेचार अब्ज वर्षे, म्हणजे केवळ साडेचारशे कोटी आहे. त्यातच ज्वालामुखी आतून वायूंची भर घालत राहतात. मंगळ लहान असल्याने तो लवकर थंड झाला. त्याचे ज्वालामुखी मंदावले आणि भर थांबत गेली. तेव्हा ग्रहाचे भवितव्य केवळ गळतीवर ठरत नाही. गळती, साठा आणि भर या तिघांच्या हिशेबावर ते ठरते.

६.२.७ शुक्र : सोप्या उत्तराला दिलेला शह

'मंगळाचे चुंबकीय क्षेत्र गेले, म्हणून त्याची हवा गेली' हे उत्तर तुम्ही अनेकदा वाचले असेल. ते अपुरे आहे, हे शुक्र दाखवून देतो. शुक्रालाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही आणि तो सूर्याच्या अधिक जवळ आहे. तरीही त्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट आहे. कवच नसूनही जड वायू टिकले, कारण ग्रहाचे गुरुत्वाकर्षण पुरेसे आहे.

शुक्राने गमावले ते मुख्यतः पाणी. तेथील वाफेत ड्युटेरिअमचे प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून अधिक आहे. आज त्याच्या वातावरणातील सर्व वाफ पाणी होऊन जमिनीवर पसरली, तर जेमतेम तीन सेंटिमीटरांचा थर होईल. पृथ्वीवरील पाण्याचा असा थर अडीच किलोमीटरांहून जाड भरेल. यामागची कारणपरंपरा अशी असावी : सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ झाली, वाफ स्वतः उष्णता धरून ठेवते, म्हणून तापमान आणखी वाढले, त्यामुळे आणखी वाफ झाली. अखेर वरचे थंड झाकणच नाहीसे झाले आणि वाफ उंचावर जाऊन फुटत राहिली. त्याआधी शुक्रावर समुद्र होते की सारे पाणी आरंभापासून वाफेच्याच रूपात होते, हा प्रश्न अजून वादाचा आहे.

पृथ्वीलाही या वाटेने कधीतरी जावे लागेल. सूर्याची प्रखरता दर अब्ज वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी वाढते आहे. सुमारे एक अब्ज वर्षांनी पृथ्वीवरील थंड झाकण निकामी होऊ लागेल, असे गणिते सांगतात. हा काळ मानवी हिशेबाबाहेरचा आहे; त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र समुद्र ही ग्रहाला कायमची मिळालेली मालमत्ता नसून अनेक अटींवर टिकलेला साठा आहे, एवढे यातून समजते.

६.२.८ या स्पष्टीकरणाची भाषा

आता तुम्ही वाचलेल्या मजकुराकडे भाषेचे अभ्यासक म्हणून पाहा. पाणी 'जाणे' या एकाच घटनेसाठी येथे निरनिराळी क्रियापदे आली आहेत आणि त्यांतील प्रत्येक क्रियापद एक वेगळे विधान करते. 'निसटले' म्हटले की पकड सैल होती, असा अर्थ येतो. 'ओढून नेले' म्हटले की नेणारा कोणी बाहेरचा ठरतो. 'बांधले गेले' म्हटले की पाणी ग्रहावरच आहे, पण वापरात नाही. खडकांतल्या पाण्यासाठी 'मुरले' हे क्रियापद येथे मुद्दाम टाळले आहे. मुरलेले पाणी विहिरीला लागते, खनिजात बांधलेले लागत नाही. 'आटले' हे क्रियापद तर नेणारा कोण आणि नेले कोठे, हे दोन्ही प्रश्न झाकून टाकते. घरगुती बोलण्यात हे चालते. स्पष्टीकरणात चालत नाही.

क्रियापदाचे रूपही तितकेच महत्त्वाचे आहे. 'गेल विवरात सरोवर होते' आणि 'प्राचीन मंगळावर १३७ मीटरांचा थर होईल इतके पाणी असावे' या दोन वाक्यांतील 'होते' आणि 'असावे' ही रूपे अदलाबदल करून पाहा. पहिल्या वाक्यामागे हाताशी आलेले गाळाचे थर आहेत, तर दुसऱ्यामागे हिशेब आहे. मराठीतील 'असावे', 'असेल', 'असले पाहिजे' या रूपांनी ज्ञानाची पायरी नेमकी दाखवता येते. बातमीचा मथळा लिहिणारा घाईत 'असावे'चे 'होते' करतो आणि अनुमानाची वस्तुस्थिती होऊन बसते. विज्ञानाविषयी मराठीत नीट लिहिता येत नाही, अशी तक्रार आपण ऐकतो. त्यावर उत्तर पारिभाषिक शब्दांच्या याद्यांत जितके आहे, त्याहून अधिक या साध्या क्रियापदांच्या जबाबदार वापरात आहे.

६.३ सारांश

मंगळावर एकेकाळी वाहते पाणी होते. त्याअर्थी हवाही आजच्याहून दाट होती. ग्रह लहान असल्याने त्याची पकड सैल होती. चुंबकीय क्षेत्र मावळल्यावर सौरवारा वातावरणाच्या वरच्या थरापर्यंत पोहोचला. पाण्याचे रेणू उंचावर फुटून हायड्रोजन अवकाशात गेला. काही पाणी खनिजांत बांधले गेले आणि काही बर्फरूपाने उरले. ड्युटेरिअम आणि आर्गॉन यांच्या प्रमाणांवरून गेलेल्या भागाचा अंदाज येतो. ग्रहाचे भवितव्य गळती, साठा आणि भर यांच्या एकत्रित हिशेबावर ठरते. शुक्राच्या उदाहरणावरून केवळ चुंबकीय क्षेत्राचे कारण अपुरे असल्याचे दिसते.

६.४ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

मुक्तिवेग : ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचे सुटण्यासाठी लागणारा किमान वेग.
सौरवारा : सूर्यापासून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह.
अतिनील किरण : दृश्य प्रकाशातील जांभळ्या किरणांपलीकडील, अधिक ऊर्जा असलेले किरण.
ड्युटेरिअम : हायड्रोजनचे सुमारे दुप्पट जड रूप.
विघटन : रेणू फुटून त्याचे घटक वेगळे होणे.

६.५ 'आपली प्रगती तपासा' प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ज्या किमान वेगाने वर गेलेली वस्तू ग्रहावर परत येत नाही, तो वेग. (आ) वातावरण टिकण्यास गुरुत्वाकर्षणाबरोबर तापमानही कारणीभूत असते.
२. (अ) दहा ते सतरा किलोमीटरांवरील थंड थरात ती गोठते आणि खाली येते. (आ) आर्गॉन इतर द्रव्यांशी संयोग पावत नाही. म्हणून तो कमी झाल्यास अवकाशातच गेला असे म्हणता येते.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'ग्रहाचे भवितव्य केवळ गळतीवर ठरत नाही.' मंगळ आणि पृथ्वी यांच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
२. मंगळावरील पाण्याच्या 'वर' आणि 'खाली' या दोन वाटांचे विवेचन करा.
३. उपक्रम : विज्ञानविषयक एखादी मराठी बातमी निवडा. तिच्यातील क्रियापदे अधोरेखित करा आणि प्रत्येक विधान निरीक्षण आहे, हिशेब आहे की केवळ शक्यता, ते समासात लिहा. मथळ्याचे क्रियापद मजकुराशी जुळते का, ते पाहा. जुळत नसल्यास मथळा नव्याने लिहा.